सिकलसेलचे दुखणे छातीत उतरते तेव्हा

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, धडगाव, तळोदा आणि नवापूर या तालुक्यांत, धुळ्याच्या साक्री-शिरपूर पट्ट्यात आणि जळगाव जिल्ह्यात सातपुड्याला टेकलेल्या चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे नाव आता कोणाला नवे राहिलेले नाही. आश्रमशाळांत रक्ततपासणीची शिबिरे होतात, गरोदर महिलांची तपासणी होते, आणि भिल्ल व पावरा समाजांत वाहकांचे (सदोष जनुक असूनही स्वतः सहसा आजारी नसणाऱ्यांचे) प्रमाण अनेक पाहण्यांत २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आढळले असल्याने या आजाराचा एखादा रुग्ण नात्यात किंवा शेजारी असणे ही तिथे नवलाची गोष्ट नाही. हातपाय आणि कंबर असह्य दुखणे, रक्त कमी असणे, डोळे पिवळसर दिसणे ही लक्षणे लोक चांगली ओळखतात. मात्र याच आजाराची जी गुंतागुंत धडधाकट दिसणाऱ्या तरुण रुग्णालाही दोन-तीन दिवसांत अतिदक्षता विभागात पोहोचवू शकते, तिचे नाव गावात क्वचितच ऐकू येते. वैद्यकशास्त्रात तिला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. एकूण लोकसंख्येत हा फुप्फुसाचा विकार दुर्मीळ आहे. सिकलसेलच्या रुग्णांत मात्र तो मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे.

या विकाराची सर्वांत फसवी बाजू अशी की पुष्कळदा तो घरून येत नाही. रुग्ण पाय, पाठ किंवा मांड्या दुखतात म्हणून रुग्णालयात दाखल होतो, त्या वेळी त्याची छाती साफ असते, एक्स-रे काढला तर तोही स्वच्छ असतो, आणि मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, दुखणे थोडे आटोक्यात येत आहे असे वाटत असतानाच, त्याला ताप येतो आणि श्वास अपुरा पडू लागतो. अमेरिकेतील ३० केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५३८ रुग्णांना आलेल्या अशा ६७१ झटक्यांची नोंद आहे. त्यांतील जवळपास निम्मे रुग्ण आधी दुसऱ्याच कारणासाठी, बहुतेक वेळा वेदनांसाठी, दाखल झालेले होते आणि छातीतील बिघाड दाखल झाल्यापासून सरासरी अडीच दिवसांनी दिसून आला होता. म्हणजेच आजार सुरू होतो तेव्हा रुग्ण अनेकदा आपल्या डोळ्यांसमोर, खाटेवरच असतो. आजाराला वेळीच ओळखण्यासाठी लागणारी पहिली साधने श्वास मोजायला घड्याळ आणि ऑक्सिमीटर एवढीच आहेत, आणि म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांवर सोडून देण्यासारखा नाही.

हे असे का घडते, ते समजण्यासाठी आधी रक्ताकडे पाहावे लागेल. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन हे प्रथिन फुप्फुसात ऑक्सिजन घेते आणि शरीरभर पोहोचवते. सिकलसेलमध्ये या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बसलेले असते. बदल एवढाच, परंतु त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार करतात आणि मऊ, गोल पेशी ताठ होऊन विळ्याच्या आकाराची बनते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. रक्त कमी असण्याचे कारण हेच आहे, लोहाची कमतरता हे नव्हे. ताठ झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पलीकडच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग, विशेषतः हाड, दुखू लागतो.

या सगळ्यात फुप्फुसाची जागा वेगळी आहे. शरीरभर फिरून ऑक्सिजन देऊन रिकामे झालेले सगळे रक्त फुप्फुसातच येते. म्हणजे विळ्यासारख्या होण्याच्या बेतात असलेल्या पेशींचा सर्वांत मोठा लोंढा याच अवयवातून जातो. एरवी तिथे भरपूर हवा असते, पेशींना ऑक्सिजन मिळतो, तंतू सुटतात आणि पेशी पुन्हा मऊ होते. पण फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा पोहोचेनाशी झाली, मग ते कारण जंतुसंसर्ग असो, साचलेले पाणी असो किंवा दुखण्यामुळे घेतलेला अर्धामुर्धा श्वास असो, तर त्या भागातून जाणाऱ्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. त्यातच, जिथे हवा नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसून घेण्याची फुप्फुसाची नैसर्गिक सवय इथे उलटते, कारण अरुंद झालेल्या वाहिनीत ताठ पेशी अधिकच अडकतात. तो भाग बंद पडला की एकूण रक्तातील ऑक्सिजन उतरतो, ऑक्सिजन उतरला की शरीरात सर्वत्र आणखी पेशी ताठ होतात, आणि त्या सगळ्या परत फुप्फुसाकडेच येतात. हे चक्र एकदा जोरात फिरू लागले की रुग्णाची प्रकृती तासातासाला खालावते. साधा न्यूमोनिया आणि हा विकार यांच्या वेगातील फरक इथून येतो.

चक्राला पहिला धक्का देणाऱ्या गोष्टी प्रामुख्याने तीन आहेत आणि एकाच रुग्णात त्या एकत्रही सापडतात. पहिली म्हणजे संसर्ग. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा आणि लहान मुलांना सर्दी-खोकला देणारा आरएसव्ही विषाणू हे जंतू विशेष आढळले. दुसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे हाडांतील मगजाची चरबी. मांडी, पाठ, कंबर अशा मोठ्या हाडांत रक्तपुरवठा तुटला की आतला मगज मरतो, त्यातील चरबीचे बारीक थेंब शिरांत शिरतात आणि रक्ताबरोबर वाहत थेट फुप्फुसात जाऊन अडकतात. पायाच्या दुखण्याने आलेला रुग्ण दोन दिवसांनी छातीने का बिघडतो, याचे बरेचसे उत्तर या थेंबांत आहे. अशा रुग्णाला छातीबरोबर गुंगी किंवा भ्रमही होऊ शकतो आणि त्याच्या प्लेटलेट झपाट्याने कमी होतात. तिसरे कारण उथळ श्वासाचे. बरगड्या, छातीचे मधले हाड किंवा पाठ दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेण्याचे टाळतो, फुप्फुसाचा खालचा भाग उघडतच नाही आणि हवेविना मिटून जातो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरही नेमके हेच घडते, म्हणून सिकलसेलच्या रुग्णाची ठरवून केलेली शस्त्रक्रिया असेल तर अनेकदा आधी रक्त देऊन मगच ती केली जाते.

लक्षणांचा क्रम वयाप्रमाणे बदलतो. हा झटका दोन ते चार वर्षांच्या मुलांत सर्वाधिक वेळा येतो, आणि त्यांच्यात त्याचे रूप सर्दी-तापासारखे असते: ताप, खोकला, नाकपुड्या फुलणे, खाणे-पिणे सोडणे. छातीत दुखते असे लहान मूल सहसा सांगत नाही, ते फक्त किरकिर करते किंवा निपचित पडून राहते. मोठ्या माणसांत ताप सौम्य असू शकतो किंवा नसतोही. तिथे छातीत कळ, धाप आणि हातापायांच्या वेदना एकत्र येतात आणि बिघाड बहुधा फुप्फुसाच्या खालच्या भागात सुरू होतो. मुलांना हा आजार अधिक वेळा गाठतो, पण मोठ्यांत तो अधिक जड जातो. अमेरिकेतील दीर्घकालीन पाहणीत मोठ्यांमधील मृत्यूचे प्रमाण मुलांच्या सुमारे चौपट आढळले आहे. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांतही धोका वाढलेला असतो, आणि बाळंतपणाच्या गडबडीत त्यांची धाप अशक्तपणाच्या खात्यावर टाकली जाण्याची शक्यता मोठी असते.

मोठ्या रुग्णात आजार कसा पुढे सरकतो, याचे एक ढोबळ चित्र मांडता येते. पहिल्या दिवशी केवळ हाडांचे दुखणे असते. पुढे कधीतरी रुग्ण कुशीवर अंग चोरून झोपू लागतो, बोलताना वाक्य तोडतो, खोल श्वास घ्यायला सांगितले की मध्येच थांबतो. ताप चढतो आणि कोरडा खोकला येतो. ‘दम लागी ऱ्हायना’ (अहिराणीत, दम लागतो आहे) हे शब्द त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबलो तर बराच वेळ हातचा गेलेला असतो, कारण त्याआधीच श्वासांची गती वाढलेली असते. मोठ्या माणसाचे विश्रांतीतील श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. ते २५ च्या पुढे गेले तर डॉक्टरांना लगेच बोलवावे, आणि ३० च्या पुढे गेले तर अवस्था गंभीर समजावी. त्यानंतर हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीपेक्षा खाली येते, प्लेटलेट घसरतात, एक्स-रेवर एका भागातील सावली दोन-तीन भागांत पसरते. बहुतेकांत ही वाटचाल काही दिवसांची असते आणि उपचाराने मागे फिरते. पण थोड्या रुग्णांत पहिल्या धापेपासून अवघ्या २४ तासांत श्वसन निकामी होते आणि त्यापाठोपाठ मूत्रपिंड, यकृत व मेंदूवरही परिणाम दिसू लागतो. प्लेटलेट २ लाखांच्या खाली गेल्या असतील तर अशा वळणाची शंका आधीच घ्यावी लागते.

निदानाची व्याख्या तशी सोपी आहे: एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या किमान एका पूर्ण उपखंडात नवी सावली, आणि त्याबरोबर ताप, छातीत दुखणे, खोकला, धाप किंवा छातीत घरघर यांपैकी काहीतरी. अडचण अशी की एक्स-रे आजाराच्या मागून चालतो. लक्षणे सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी काढलेला एक्स-रे स्वच्छ असू शकतो, आणि स्टेथोस्कोप लावून तपासल्यावरही सुमारे एकतृतीयांश रुग्णांत काहीच वावगे ऐकू येत नाही. त्यामुळे ‘फोटो चांगला आहे’ हे वाक्य इथे दिलासा म्हणून घेता येत नाही. रुग्णाचा श्वास बिघडत असेल तर दुसऱ्या दिवशी फोटो पुन्हा काढावा लागतो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांतच काय, अनेक घरांतही आला आहे आणि या आजारात तो फार उपयोगाचा ठरतो. तो वापरताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. सिकलसेलच्या काही रुग्णांचे ऑक्सिजनचे प्रमाण बरे असतानाही ९८-९९ नसते, ते ९५-९६ च्या आसपास असते. म्हणून एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. त्याच माणसाचा नेहमीचा आकडा किती, हे माहीत असावे लागते. नेहमीपेक्षा तीन टक्क्यांची घट, किंवा ९५ च्या खाली आलेला आकडा, दोन्ही धोक्याच्या खुणा मानल्या जातात. गार पडलेली बोटे आणि नखांचा गडद रंग यांमुळे यंत्र चुकू शकते, आणि सावळ्या त्वचेवर ते खऱ्यापेक्षा थोडा चांगला आकडा दाखवण्याकडे झुकते. आकडा ठीक दिसत असूनही रुग्ण धापा टाकत असेल, तर विश्वास रुग्णावर ठेवावा.

एक्स-रे हाती आल्यावरही तो पाहून कोणी न्यूमोनिया म्हणेल, कोणी क्षयाची शंका घेईल, आणि या भागात दोन्ही आजार असल्याने ती शंका चुकीचीही म्हणता येणार नाही. न्यूमोनियाची औषधे इथे द्यावीच लागतात. तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन गटाचे इंजेक्शन आणि त्याच्या जोडीला ॲझिथ्रोमायसिनसारखे औषध ही नेहमीची पद्धत आहे. गोष्ट बिघडते ती निदान तिथेच थांबते तेव्हा, कारण प्रतिजैविके जंतू मारतात, अडकलेल्या पेशी सोडवत नाहीत. रुग्ण सिकलसेलचा आहे हे डॉक्टरांना ठाऊकच नसेल तर हा धोका अधिक असतो, आणि खानदेशात तसे घडण्याला एक उघड कारण आहे. दिवाळीनंतर सातपुड्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातच्या बाजूला जातात. तिथे थंडीत उघड्यावर राहून, पहाटेपासून कोयता चालवून, पुरेसे पाणी न पिता काम करणाऱ्या तरुणाला वेदनांचा झटका येणे अगदी स्वाभाविक आहे. कडाक्याची थंडी, शरीरातील पाण्याची घट, अतिश्रम आणि संसर्ग या चारही गोष्टी पेशी ताठ करण्याला हातभार लावतात. अशा वेळी समोरच्या अनोळखी डॉक्टरला आपल्या आजाराचे नाव सांगणारे कार्ड खिशात असेल तर उपचाराची दिशा पहिल्याच तासात बदलू शकते.

आता सलाईनविषयी, कारण आपल्याकडे या आजारात सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. बाटली लावल्याशिवाय उपचार झाला असे रुग्णाला वाटत नाही, नातेवाइकांना वाटत नाही आणि खरे सांगायचे तर काही डॉक्टरांनाही वाटत नाही. सिकलसेलच्या वेदनांत पाणी कमी पडू देऊ नये हे अगदी बरोबर आहे. उलट्या होत असतील किंवा तोंडाने घेता येत नसेल तर सलाईन आवश्यकच असते. पण पाणी भरून काढणे आणि पाणी ओतत राहणे यांत अंतर आहे. रुग्ण तोंडाने पीत असतानाही एकामागून एक बाटल्या चढवल्या, तर जास्तीचे पाणी आधीच नाजूक झालेल्या फुप्फुसात उतरते, हवेची जागा व्यापते आणि वर वर्णिलेल्या चक्राला स्वतःच्या हाताने गती दिल्यासारखे होते. छातीची लक्षणे सुरू झाल्यावर तर द्रव मोजूनमापून, शरीराच्या रोजच्या गरजेपुरताच द्यायचा असतो. रात्रीत किती बाटल्या गेल्या आणि लघवी किती झाली, याची नोंद नातेवाईकही ठेवू शकतात आणि ठेवावी.

वेदनाशामकांचा तोल याहून अवघड आहे. बरगड्यांचे दुखणे तसेच ठेवले तर रुग्ण खोल श्वास घेत नाही आणि फुप्फुस मिटते. मॉर्फिनसारखे औषध प्रमाणाबाहेर दिले तर तो गुंगीत जातो, श्वास मंदावतो आणि फुप्फुस तरीही मिटतेच. म्हणून दुखणे पुरेसे कमी झाले आहे, रुग्ण हाक मारताच नीट उत्तर देतो आहे आणि श्वास घेताना तोंड वाकडे करत नाही, अशी मधली जागा शोधावी लागते, आणि ती एकदा शोधून भागत नाही, दर काही तासांनी नव्याने पाहावी लागते. मजबूत वेदनाशामके व्यसन लावतात या भीतीने ती नाकारण्याचे प्रकारही होतात. हाडातील रक्तपुरवठा तुटल्याची वेदना सोसत पडलेल्या माणसाला पॅरासिटामॉलवर रात्र काढायला लावण्यात वैद्यकीय शहाणपण काहीही नाही. उलट त्यातून छातीचा धोका वाढतो.

याच ठिकाणी सगळ्या उपचारांतील सर्वांत स्वस्त साधन कामाला येते. तीन कप्प्यांत तीन रंगीत गोळ्या असलेला प्लास्टिकचा स्पायरोमीटर औषधांच्या बहुतेक दुकानांत मिळतो. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची आणि गोळ्या वर उचलून क्षणभर धरून ठेवायच्या, एवढीच कृती आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण नेटक्या चाचणीत छाती किंवा पाठ दुखत असल्यामुळे दाखल झालेल्या सिकलसेलच्या रुग्णांपैकी अर्ध्यांना जागेपणी दर दोन तासांनी असे दहा खोल श्वास घ्यायला लावले होते. ज्यांनी ते घेतले त्यांच्या रुग्णालयातील १९ मुक्कामांपैकी एकातच फुप्फुसाची गुंतागुंत झाली. ज्यांना हे साधन दिले नव्हते त्यांच्या १९ पैकी ८ मुक्कामांत ती झाली. बरेच रुग्ण हे यंत्र उलटे वापरतात, म्हणजे त्यात फुंकर मारतात. त्याचा अपेक्षित उपयोग होत नाही, कारण फुप्फुसाचे मिटलेले भाग उघडतात ते हवा आत ओढल्याने. पाळी लक्षात ठेवण्याचे काम खाटेशेजारी बसलेल्या आईने किंवा भावाने करावे हे उत्तम, कारण गर्दीच्या वॉर्डात परिचारिकेला दर दोन तासांनी प्रत्येकापाशी थांबणे शक्य नसते. यंत्र नसेल तर उठून बसवणे, जमेल तितके चालवणे आणि ठरावीक वेळाने खोल श्वास घ्यायला लावणे, हे तरी करता येतेच.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाबद्दल एक इशारा देणे गरजेचे आहे. अंगदुखी आणि धाप या दोन्हींवर डेक्सामेथासोनचे इंजेक्शन ठोकून देण्याची पद्धत ग्रामीण भागात रुळलेली आहे. सिकलसेलच्या रुग्णाला त्याने तात्पुरते बरे वाटते, पण औषध थांबल्यावर वेदनांचा झटका उलटून येण्याचा आणि पुन्हा दाखल होण्याचा धोका वाढतो. दम्याचा जोड असेल तर डॉक्टर विचारपूर्वक ते देतीलही. सरसकट मात्र ते देऊ नये.

आजार पुढे सरकत असेल तर खरा फरक पाडणारा उपचार रक्त हाच आहे. दात्याच्या रक्तात निरोगी हिमोग्लोबिन असते, ते ऑक्सिजन वाहून नेते आणि ताठ पेशींचे प्रमाण कमी करते. रुग्णाचे हिमोग्लोबिन बरेच खाली असेल तर साधे रक्त चढवले जाते, पण ते साधारण १० ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत, कारण ताठ पेशी शिल्लक असताना रक्त दाट झाले तर ते आणखी अडकते. हिमोग्लोबिन आधीच चांगले असेल किंवा प्रकृती वेगाने ढासळत असेल, तर एका बाजूने रुग्णाचे रक्त काढून दुसऱ्या बाजूने दात्याचे देण्याची रक्तबदलाची प्रक्रिया करतात, आणि सदोष हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली आणणे हे तिचे उद्दिष्ट असते. ही प्रक्रिया यंत्राने होते, तशीच यंत्र नसेल तिथे अनुभवी डॉक्टर हातानेही करतात. वारंवार रक्त घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दात्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात, म्हणून केवळ ए-बी-ओ गट जुळवून न थांबता इतर काही उपगटही जुळवलेले चांगले.

इथेच खानदेशचा भूगोल आडवा येतो. मोलगी किंवा धडगावच्या बाजूने निघालेल्या रुग्णाला घाट उतरून रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग असलेल्या गावी पोहोचायचे असते. नर्मदाकाठच्या काही गावांतून तर आधी बोटीने यावे लागते, आणि रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून खाली आणल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. एका दिवसात मजल मारू शकणाऱ्या आजारात एवढा प्रवास धरूनच निर्णय घ्यावा लागतो. शहरातला डॉक्टर ऑक्सिजन ९० पर्यंत उतरेतो थांबून पाहू शकेल, कारण त्याचा अतिदक्षता विभाग वरच्या मजल्यावर असतो. डोंगरातल्या ग्रामीण रुग्णालयाने मात्र ताप आणि वाढलेला श्वास एकत्र दिसताच १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी, वाटेत ऑक्सिजन चालू ठेवावा आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून रुग्णाचा रक्तगट आधीच कळवावा. रुग्ण नाहक पाठवला अशी टीका कोणी केली तर ती सोसण्यासारखी आहे.

प्रकृती फारच खालावली तर कृत्रिम श्वासाची वेळ येते. व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपले, ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी समजूत या आजाराला तरी लागू नाही. २००० सालच्या त्या अभ्यासात १३ टक्के झटक्यांत कृत्रिम श्वास द्यावा लागला, आणि अशा रुग्णांपैकी ८१ टक्के बरे झाले. एकूण मृत्यूचे प्रमाण ३ टक्के होते, मात्र २० वर्षांवरील रुग्णांत ते ९ टक्क्यांपर्यंत गेले. हे आकडे रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या केंद्रांतील आहेत, हे लक्षात घेऊनच ते वाचावेत. रुग्णालयातील सरासरी मुक्काम साडेदहा दिवसांचा होता, म्हणजे वेदनांच्या साध्या झटक्यापेक्षा बराच अधिक. मजुरीवर चालणाऱ्या घराला तेवढे दिवस काढणे जड जाते, आणि ताप उतरताच डिस्चार्ज मागण्याचे ते एक मोठे कारण असते.

बरे होऊन घरी गेल्यावरही प्रकरण मिटत नाही. एकदा हा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला तो पुन्हा येण्याची शक्यता वाढते आणि अनेक झटक्यांनंतर फुप्फुसाची क्षमता कायमची घटू शकते. म्हणून यानंतर हायड्रॉक्सीयुरिया या गोळीचा विचार आवर्जून केला जातो. ती गोळी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे, म्हणजे बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात असणाऱ्या हिमोग्लोबिनचे, प्रमाण वाढवते आणि ते हिमोग्लोबिन तंतू बनण्यात अडथळा आणते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीत, गोळी घेणाऱ्या गटात २५ जणांना छातीचा झटका आला, तर दुसऱ्या गटात ५१ जणांना. गोळी रोज आणि वर्षानुवर्षे घ्यावी लागते, अधूनमधून रक्ततपासणी करावी लागते, आणि मूल हवे असलेल्या जोडप्याने डॉक्टरांशी आधी बोलावे लागते. स्थलांतराच्या चार-पाच महिन्यांत नेमकी हीच साखळी तुटते. दिवाळीला निघताना होळीपर्यंतच्या गोळ्या बरोबर देण्याची सोय झाली तर बराच प्रश्न हलका होईल, असे वाटते. मुलांना न्यूमोकोकल लस वेळेवर देणे हा प्रतिबंधाचा दुसरा भाग आहे. ती आता शासकीय लसीकरणात मोफत मिळते.

आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, हे विधान वैद्यकीय बैठकांतही ऐकू येते. त्याला थोडा आधार आहे. भारतातील बहुतेक रुग्णांत या जनुकाचा जो प्रकार आढळतो त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तुलनेने अधिक राहते आणि काही रुग्णांचा आजार त्यामुळे खरोखर कमी त्रासाचा असतो. परंतु सरासरी सौम्य असणे याचा अर्थ समोरच्या खाटेवरील रुग्णाचा झटका सौम्य असणे असा होत नाही, आणि हिमोग्लोबिन १० असलेला, एरवी कामधंदा करणारा, वर्षभरात एकदाही दाखल न झालेला तरुणही छातीच्या झटक्याने गंभीर होऊ शकतो. किंबहुना अशाच रुग्णाकडे दुर्लक्ष होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यातून मोठ्या प्रमाणावर तपासणी होत आहे आणि ती हवीच आहे. पण तपासणीत सापडलेल्या रुग्णाचे पुढे काय, हा प्रश्न वॉर्डातल्या रात्रपाळीतच सुटतो. पाच वर्षांखालील मुलांच्या न्यूमोनियासाठी मिनिटभर श्वास मोजण्याचे शिक्षण आशा सेविकांना आधीच मिळालेले आहे. तेच कौशल्य सिकलसेलच्या प्रत्येक तापलेल्या किंवा दुखणाऱ्या रुग्णासाठी वापरायला नवा खर्च लागत नाही.

घरच्यांसाठी व्यवहाराची एक गोष्ट उरते. सिकलसेलच्या कार्डामागे किंवा मोबाइलमध्ये, रुग्ण ठणठणीत असताना तपासलेले चार आकडे लिहून ठेवावेत: नेहमीचे हिमोग्लोबिन, नेहमीचा ऑक्सिजन, रक्तगट, आणि मागच्या वेळी रक्त कधी व कुठे चढवले ती तारीख व ठिकाण. पूर्वी छातीचा झटका येऊन गेला असेल तर तेही तिथेच लिहावे, म्हणजे बारडोलीच्या दवाखान्यात मध्यरात्री प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरला तुलना करायला काहीतरी हाती असेल.